बॅजर्सना श्रीखंड

माझी मुलगी इशिता काय करते, असं कुणी विचारलं की मी "स्पोर्ट्स मॅनेजमेंट" असं सांगत असे आणि लगेच समोरच्याला चहा विचारत असे. पुढचा प्रश्न यायच्या आत चहा यावा, हा हेतू. कारण पुढच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं की ती लेक ओलाफ लून्स नावाच्या बेसबॉल टीमच्या ऑफिसात काम करते, आणि ते काम म्हणजे लोकांनी मॅच बघायला यावं म्हणून त्यांच्या हातापाया पडणं. लून हा मिनेसोटाचा पक्षी. तळ्यात राहतो आणि अंधार पडला की गळा काढून रडतो. टीमचं नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं दिसलं असावं.

ही टीम टीव्हीवर दिसतात त्यांतली नव्हे. मिनेसोटा आणि आजूबाजूच्या राज्यांतल्या छोट्या गावांची एक लीग होती, तिच्या वेस्ट डिव्हिजनमध्ये लून्स खेळायचे. खेळाडू हिवाळ्यात ट्रक चालवायचे, शाळेत पीटी शिकवायचे, एक जण दातांच्या डॉक्टरकडे कामाला होता. उन्हाळ्यात सगळे एकत्र जमून हरायचे. जुलैत एकदा ते चुकून जिंकले, तेव्हा जिंकल्यावर लावायचं गाणं कुठे ठेवलंय ते कुणालाच आठवेना, शेवटी आइस्क्रीमच्या गाडीचं संगीत वाजवलं.

त्यांच्या तोडीनं हरणारी डिव्हिजनमध्ये एकच टीम होती, नॉर्थ डकोटातली फोर्ट हॅल्वर बॅजर्स. हे लोक पावसानं रद्द झालेली मॅचसुद्धा हरले होते. पाऊस सुरू व्हायच्या आधीच त्यांना हरलेलं जाहीर करावं लागलं, कारण त्यांची बस भलत्याच गावाला जाऊन उभी राहिली होती. तर २००६च्या सप्टेंबरमध्ये, लेबर डेच्या आदल्या रविवारी, सीझनच्या शेवटच्या दिवशी, ह्या दोन टीमची मॅच होती. लेक ओलाफच्या पेपरात तिच्याबद्दल आधीच छापून आलं होतं. मथळा असा होता : "रविवारी कुणीतरी जिंकेल, इलाज नाही."

गुरुवारी इशिता घरी जेवायला आली ती उतरलेला चेहरा घेऊनच. लीगनं निर्णय घेतला होता. पुढच्या वर्षी वेस्ट डिव्हिजनमधली एक टीम कमी करायची. रविवारी जो हरेल त्याचं ऑफिस बंद, मैदान बंद, सगळं बंद. बरोबरी झाली तर काय, असं माझ्या नवऱ्यानं, उल्हासनं विचारलं. बेसबॉलमध्ये बरोबरी होत नाही, असं ती म्हणाली. "हा काय खेळ झाला," असं म्हणून उल्हासनं आमटी घेतली.

आता हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षांपूर्वी इशिता कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा लॉ स्कूलच्या परीक्षेत तिला असे मार्क पडले होते की मी ते इथून नागपूरपर्यंत सगळ्यांना फोन करून सांगितले. आणि मग ही बया लून्सकडे लागली. महिनाभर आमच्या घरात युद्ध चाललं. शेवटी तह झाला : टीम बंद पडली की इशिता मुकाट्यानं लॉ स्कूलला जाणार. "प्रॉमिस, आई." मी लगेच हो म्हटलं, कारण त्यांची एक मॅच मी पाहिली होती. ती टीम दिवाळीच्या आत बंद पडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ती तीन वर्षं बंद पडली नाही, आणि पडायची वेळ आली तेव्हा माझी मुलगी माझ्यासमोर दहीभात कालवत म्हणाली, "इट्स फाइन, आई. यू विन."

मला असा राग आला. कुणाचा ते मला सांगता येईना. लहानपणी सायकलवरून पडून दात तुटला तेव्हाही ही मुलगी रडली नव्हती, आणि आता नुसता भात कालवत बसली होती, खात नव्हती. जिंकायचंच असतं तर मी स्वतःच्या हिमतीवर जिंकले असते. बॅजर्सच्या मेहेरबानीनं मला वकील मुलगी नको होती. ती गेल्यावर मी पद्मिनीला फोन लावला.

पद्मिनी आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष. ती इतकी वर्षं अध्यक्ष आहे याचं कारण मोठी पातेली फक्त तिच्याकडे आहेत. त्याच रविवारी मंडळाची वार्षिक सहल होती, ईडन प्रेरीच्या पार्कात. मी तिला म्हटलं, सहल लेक ओलाफला नेऊ या, मैदानाला लागून झाडी आहे, टेबलं आहेत, जेवू आणि सगळे मिळून मॅच बघू. इशिताच्या टीमला तेवढाच आधार.

"आधारानं काय होणार?" पद्मिनी म्हणाली. "तुझी टीम ढ आहे, शुभा. तुला राग येईल, पण आहे."

यावर तोडगा काढला यतीननं. यतीन पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेला, मंडळाची वेबसाइट सांभाळणारा मुलगा. शुक्रवारी पद्मिनीच्या गॅरेजमध्ये आम्ही श्रीखंडासाठी दही बांधत होतो. सायकली टांगायच्या हुकांना जुन्या धोतरांची गाठोडी लटकली होती आणि खाली बादल्या ठेवल्या होत्या. यतीन बादल्या बदलायला आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, सिंपल आहे यार. अपोझिशनला जेवायला घाला."

"म्हणजे?"

"आम्ही कॉलेजात असताना साताऱ्याला फायनल खेळायला गेलो होतो. त्यांनी मॅचच्या आधी आम्हाला जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी. इतका आग्रह, इतका आग्रह, की आमचा ओपनर पॅड बांधता बांधता झोपला. पन्नाशीच्या आत ऑलआऊट. नंतर कळलं, ते दर वर्षी असंच जिंकायचे."

आम्ही दोघींनी वर टांगलेल्या गाठोड्यांकडे पाहिलं. मग पद्मिनीनं जायफळाची बाटली काढली. एरवी तिचा हात जायफळाला फार जपून चालतो.

उल्हासला मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे चीटिंग नाही का?" मी तेच पद्मिनीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "जेवायला घालणं चीटिंग? आपल्याला घरी हेच शिकवलं का गं?" तिच्या आवाजात इतका खरा संताप होता की माझीही शंका फिटली. इशिताला मात्र आम्ही अर्धंच सांगितलं. मंडळाची माणसं तिकिटं काढून येणार आहेत आणि पाहुण्या टीमला आम्ही जेवायला बोलावणार आहोत, एवढंच. ती म्हणाली, "दॅट्स सो नाइस ऑफ यू, आई," आणि मला तिच्याकडे बघवेना.

रविवारी बॅजर्सची बस, आश्चर्य म्हणजे, योग्य गावाला आणि वेळेच्या आधी पोचली. त्यांचे कोच, ड्वाइट नावाचे लांबरुंद गृहस्थ, खाली उतरून आमच्या टेबलांकडे संशयानं बघू लागले. जेवणाचं काही द्यावं लागणार नाही हे कळल्यावर त्यांचा संशय वाढला. पद्मिनीनं त्यांना सांगितलं की आमच्यात पाहुण्यांना जेवू घातल्याशिवाय खेळ सुरू करत नाहीत. हे ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की त्यांनी टोपी काढली.

आता नॉर्थ डकोटाचा माणूस म्हणजे काय, हे तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. मिनेसोटाचाही तसाच. त्याला काहीही द्या, तो आधी नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं तर "ओह, नो, आय कुडन्ट" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "वेल, इफ इट्स नो ट्रबल" म्हणून घेतो. एकदाच विचारून थांबलात तर उपाशी घरी जाईल, पण मनात ठेवील. इतर अमेरिकन लोकांना ह्याचा वैताग येतो. आमच्या बायकांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आग्रहाला जोडीदार मिळाला होता.

"अगं, ही तर आपलीच माणसं," पद्मिनी माझ्या कानात म्हणाली, आणि पळी घेऊन निघाली.

बॅजर्स झाडाखाली ओळीनं बसले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, पापड आणि श्रीखंड. हे दही आहे की आइस्क्रीम, असं एकानं विचारलं. उत्तराऐवजी त्याच्या प्लेटमध्ये आणखी आलं. कुणी "आय ऍम फुल" म्हटलं की आमच्या बायका हसायच्या आणि त्याचा प्लेटवर धरलेला हात अलगद बाजूला करून वाढायच्या. "एकच, एकच." त्यांचा कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून बॉल पकडणारा, दोन माणसांएवढा मुलगा, खरोखरच पोट भरल्याचं काकुळतीला येऊन सांगत होता. पण त्यानं याआधी तीनदा नको म्हणून तीनदा घेतलं होतं, त्यामुळे आता त्याच्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. अर्ध्या तासात बॅजर्सचा आवाज बंद झाला. दोघे-तिघे झाडाला टेकून डोळे मिटून बसले होते. यतीननं लांबून मला अंगठा दाखवला.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. मी पुऱ्यांचं रिकामं टोपलं घेऊन वळले, तर मागे लून्स उभे होते.

अख्खी टीम. सराव करून आलेली, घामेजलेली, रांगेत. टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या पेपर प्लेट्स त्यांनी आपापल्या हातात घेतल्या होत्या. सगळ्यांत पुढे कोडी नावाचा त्यांचा पिचर होता, म्हणजे बॉल टाकणारा, आणि त्या दिवशी टीमची सगळी भिस्त त्याच्यावर होती. उंच, चेहराभर ठिपके, कोपरं बाहेर आलेली. त्यानं विचारलं, "मॅम, इज धिस फॉर एव्हरीबडी?"

मला सांगा, काय उत्तर द्यायचं? ताट हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसाला "नाही, तुला नाही" असं आमच्या घराण्यात कुणी म्हटलेलं नाही. ते कसं म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. मी पद्मिनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

यतीन धावत आला. "काकू, नका देऊ यांना. हे आपले आहेत."

"आपले आहेत म्हणून उपाशी ठेवायचे?" पद्मिनी म्हणाली. "परक्यांना पोटभर घालायचं आणि घरच्यांनी वास घेत उभं राहायचं? लोक काय म्हणतील?"

"काकू, लोक कुठे आहेत? अपोझिशन आहे ते."

शेवटी लून्सना थोडंथोडंच वाढायचं ठरलं. हा निर्णय घेणाऱ्यांनी आयुष्यात कधी थोडं वाढलेलं नव्हतं. कोडीच्या प्लेटमध्ये मी अगदी चमचाभर श्रीखंड घातलं. ते इतकं केविलवाणं दिसलं की मलाच लाज वाटली आणि मी दुसरा चमचा घातला. मग दोन पुऱ्या, कारण एक पुरी वाढत नाहीत. तो उभ्याउभ्या खाऊन म्हणाला, हे त्याच्या आजीच्या हातच्यासारखं लागतंय. त्याची आजी नॉर्वेची होती, तिनं श्रीखंड कुठून करावं, पण मुलगा असं म्हटल्यावर हात आखडता येत नाही.

मग अंपायर आले, कारण दोन्ही टीम जेवताहेत आणि आपल्यालाच कुणी विचारत नाही, असं त्यांना वाटू नये. मग लीगचे अधिकारी आले, प्रुइट नावाचे, टाय लावलेले. हरलेली टीम बंद करायच्या कागदावर आजच सही करायला ते मुद्दाम आले होते. त्यांनी आधी उभ्यानं खाल्लं, मग बसून खाल्लं, मग टायची गाठ सैल केली.

इशिता ऑफिसातून बाहेर आली तेव्हा तिला झाडाखाली आडवे झालेले बॅजर्स दिसले आणि शेजारच्या झाडाखाली जांभया देणारे लून्स. तिनं यतीनला विचारलं काय झालं. आणि त्या गाढवानं तिला साताऱ्यापासून सगळी गोष्ट सांगितली. ती माझ्यापाशी पोचली त्या क्षणी मी कोडीला तिसऱ्यांदा वाढत होते आणि त्याचा हात बाजूला करत म्हणत होते, "जस्ट वन, जस्ट वन."

"आई. स्टॉप. दॅट्स अवर पिचर."

"अगं, उपाशी होता तो."

"ही वॉजन्ट हंग्री. ही हॅड अ सँडविच." ती मोठ्यानं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "बॅजर्सना झोपवायचं, तेवढं ऐकून मी तुला हग करणार होते, यू नो दॅट? ऍन्ड देन आय सी यू फीडिंग हिम. तुला लॉ स्कूल हवंच होतं. यू कुड हॅव जस्ट वेटेड, आई. वुई वेअर गोइंग टू लूज एनिवे."

मी पळी हातात धरून उभी राहिले. मुद्दाम केलं नाही, असं मी तिच्या पाठीला सांगितलं. ती गेटवर तिकिटं घ्यायला निघून गेली होती. तिच्या जागी मी असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. सगळ्या पळ्यांवर, सगळ्या पुऱ्यांवर मला संताप आला. मी जेवले नाही.

मॅच दोनला सुरू व्हायची होती. ती सुरू कधी झाली हे कुणाला नीट कळलं नाही, कारण "प्ले बॉल" म्हणायचं काम अंपायरचं आणि तो बराच वेळ कॅचरच्या मागे वाकून शांत उभा होता. कुणीतरी खोकलं तेव्हा तो म्हणाला.

त्यानंतर मैदानावर जे चाललं त्याला खेळ म्हणायचं की नाही, ह्यावर आमच्या मंडळात अजून वाद आहे. कोडी हात वर न्यायचा, तिथे थोडा वेळ ठेवायचा, मग काहीतरी आठवल्यासारखा बॉल सोडायचा. बॅट्समन बॉल येऊन गेल्यावर बॅट फिरवायचे. बॉल बॅटला लागलाच तर तो हळूहळू गवतात जायचा आणि ज्याच्याजवळ जाईल तो त्याच्याकडे शेजारच्या घरी वाजणाऱ्या फोनसारखा बघायचा. बॅजर्सचा एक खेळाडू पहिल्या बेसवर पोचला आणि तिथल्या लून्सच्या खेळाडूच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. त्यानंही हरकत घेतली नाही. राइट फील्डचा मुलगा गवतात आडवा झाला होता. बाजू बदलली तेव्हा त्याला उठवायला दोघे गेले, त्यांतला एकच परत आला.

"डिफेन्सिव्ह खेळताहेत," उल्हास म्हणाला. तो बेसबॉल क्रिकेटमधून समजून घेतो. आमच्या मंडळाची माणसंही भरपेट जेवलेली. ती ओळीच्या ओळी घोरत होती. प्रुइट साहेब त्यांच्यामध्येच कुणाच्या तरी शालीखाली होते.

सहा इनिंग झाल्या आणि स्कोअर शून्य-शून्य. लेक ओलाफची स्वतःची चारदोन माणसं, जी श्रीखंड न खाता आल्यामुळे जागी होती, ती आता कंटाळून उठायला लागली. म्हातारे शेतकरी, गोळ्या घ्यायची वेळ झालेले. आणि तेव्हा मी इशिताला पाहिलं. तीन वर्षांत मी तिला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिली ती मॅच, तीही अर्धी.

ती पायऱ्या चढून प्रत्येकापाशी जात होती. एक म्हातारा जॅकेट हातात घेऊन उभा राहिला होता. "नो, नो, आय शुड गेट गोइंग," असं म्हणत होता. "यू जस्ट सॅट डाउन," ती म्हणाली. "वन मोअर इनिंग. जस्ट वन." त्यानं जॅकेट छातीशी धरलं. तिनं हसून त्याचा हात अलगद बाजूला केला, जॅकेट काढून घेतलं, घडी केली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. तो बसला. पुढच्या ओळीतल्या बाईला तिनं तिच्या गुडघ्याचं विचारलं, तिच्या सुनेचं विचारलं, आणि तीही बसली. दोन टीम मैदानात उभ्यानं झोपल्या होत्या, काही घडत नव्हतं, घडणारही नव्हतं, आणि माझी मुलगी एकेकाचा हात धरून त्याला आणखी थोडं घ्यायला लावत होती. एकही माणूस गेटबाहेर गेला नाही.

मी बघतच राहिले. हे तिला कुणी शिकवलं, असं मी क्षणभर मनात म्हणालेसुद्धा. मग माझ्याच हातांकडे बघितलं आणि मला फार लाज वाटली. तीन वर्षं ज्या कामावरून मी लोकांना चहा विचारून विषय बदलत होते, ते काम तिनं माझ्याच स्वयंपाकघरातून उचललं होतं. मी जन्मभर दुसरं काय केलं होतं? फक्त मी कधी रिकाम्या मैदानात केलं नव्हतं. ते जास्त कठीण असतं.

नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला कोडीचा हात पुरता गेला. बेसबॉलमध्ये बॉल चारदा बाहेर टाकला की समोरच्या बॅट्समनला चालत पहिल्या बेसवर जायला मिळतं. बॅजर्सना बॅट उचलवतच नव्हती, त्यामुळे ते ती खांद्यावर टाकून नुसते उभे राहिले, आणि कोडीनं चार बॉल बाहेर टाकले. मग पुढच्यालाही चार. मग त्याच्या पुढच्यालाही. तिन्ही बेस भरले. चौथा आला, तोही चालत निघाला, आणि त्यानं ढकलल्यामुळे सगळेच एकेक बेस पुढे सरकले. त्यांचा तो लठ्ठ कॅचर तिसऱ्या बेसवरून, पोटावर हात ठेवून, शतपावली करत 'होम'ला, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परत आला. सीझनचा निकाल ठरवणारा तो एकमेव रन. धावून केलेला नव्हे.

लून्सचे शेवटचे तीन बॅट्समन उभ्याउभ्या आऊट झाले. त्यांतल्या एकाला आऊट झाल्याचं इशितानं जाऊन सांगितलं.

प्रुइट साहेबांना उठवण्यात आलं. त्यांनी सही केली आणि शालीची घडी घालून परत दिली. लून्स संपले. कोडी माझ्यापाशी आला, मला वाटलं काही बोलेल, तर जेवणासाठी थँक यू म्हणाला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आम्ही पातेली गाड्यांत भरत होतो तेव्हा बॅजर्सचे कोच ड्वाइट आले, डोळे चोळत. इशिता टेबलं पुसत होती. माझ्याकडे पाठ करून, पण पुसत होती.

"मॅम," ते मला म्हणाले, "तुम्ही आम्हाला का जेवायला घातलंत ते मला दुसऱ्या वाढपालाच कळलं होतं. मी मूर्ख नाही. पण तोवर उशीर झाला होता." मग ते इशिताकडे वळले. त्यांच्या मैदानावर पाचव्या इनिंगनंतर कुत्रंही थांबत नाही, असं ते म्हणाले. आज अख्खा वेळ त्यांना फक्त ती एकटीच जागी दिसत होती, आणि तिनं एकालाही जाऊ दिलं नाही. फोर्ट हॅल्वरला ऑफिसात जागा आहे. ती येईल का?

इशितानं फडकं खाली ठेवलं. तिचा चेहरा असा काही उजळला की त्या एका क्षणात ती सहा वर्षांची झाली. आणि मग तिला आठवलं. मला ते आठवताना दिसलं.

"थँक यू," ती म्हणाली. "पण मी आईला प्रॉमिस केलंय. टीम बंद पडली तर लॉ स्कूल."

ते माझ्याकडे बघायला लागले. तीही बघायला लागली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, एवढंच की ती शब्द पाळणार होती, आणि मी होय म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी तिनं जाऊन नावसुद्धा काढलं असतं. तीन वर्षं मी ह्याच दुपारची वाट बघितली होती. फोर्ट हॅल्वर घरापासून सहा तासांवर आहे, आणि थंडीत बर्फ पडलं की तिकडचा रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो.

"कसलं प्रॉमिस?" मी म्हटलं.

"आई."

"मला काही आठवत नाही. उल्हास, तुला आठवतंय काही?"

उल्हासनं पातेलं गाडीत ठेवलं. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली आहेत आणि ह्या माणसाला माझ्या आईचं एकूण एक बोलणं तारखेसकट पाठ आहे. "नाही बुवा," तो म्हणाला.

इशिता माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. मला रडू येत होतं आणि मला ते त्या ड्वाइटसमोर नको होतं. म्हणून मी तिच्या डोक्यावरून त्यांनाच विचारलं, थंडीत तिकडे ही राहणार कुठे, आणि घरात हीटर धड चालतो की नाही.